व्हिसेरा राखून ठेवला म्हणजे विष सापडलं, असं नाही

तापीकाठच्या आमच्या गावातला कॉलेजात शिकणारा पोरगा चार दिवस बेपत्ता होता, मग नदीत सापडला. तेव्हापासून जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय: ‘व्हिसेरा राखून ठेवला, म्हणजे विष दिल्याचं सिद्ध झालं.’ हे चूक आहे.

शवविच्छेदनात मृत्यूचं कारण उलगडलं नाही किंवा विषाची शंका आली, की डॉक्टर जठर, आतडं, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग, म्हणजेच व्हिसेरा, बहुधा मिठाच्या संपृक्त पाण्यात घालून बरणी सील करतात. ती न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाते. म्हणजे प्रश्न विचारलाय, उत्तर अजून यायचंय. ‘अकस्मात मृत्यूची नोंद झाली, प्रकरण दाबलं’ हेही खरं नाही. ती नोंद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. १ जुलै २०२४ पूर्वी ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायची. घातपाताचा पुरावा मिळाला, तर पुढे गुन्हा दाखल करावाच लागतो.

खरे प्रश्न वेगळे आहेत. तो शेवटचा कोणाबरोबर होता? मोबाइल कुठे गेला? स्टँडसमोरच्या दुकानांचं सीसीटीव्ही फुटेज घेतलं का? डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, भरला की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, ते प्रयोगशाळेच्या अहवालासाठी थांबत नाही. याची घाई हवी.

त्याच्या मायनं एसटीचा पास अजून उशाशी ठेवलाय, आणि त्याच ग्रुपात तीही आहे. कुणाचंही नाव आरोपी म्हणून फिरवू नका. काही पाहिलं असेल तर तपास अधिकाऱ्याला लेखी द्या, पोच घ्या.