परदेशातून: व्याख्या चार मार्काला

भाचा नांदेडला बीएस्सीला आहे, परवा त्याचा मेसेज, "मामा, कॉम्प्युटेशनल थिंकिंगची व्याख्या चार मार्काला येणारे, शॉर्टमधी सांगा ना." आता काय सांगावं! कॉम्प्युटर सायन्सच्या जॅनेट विंग बाईंनी 2006 मध्ये लेख लिहिला तोच मुळी हे सगळ्यांना यावं म्हणून, नुसत्या कॉम्प्युटरवाल्यांना नाही; म्हणजे मोठा प्रश्न फोडा, सारखेपणा हेरा, नको ते बाजूला ठेवा, मग पायऱ्या लिहा. 2020 च्या शैक्षणिक धोरणातपण ते आलंय. आणि आमच्याकडं त्याचं झालं परीक्षेचं आयएमपी.

मी इथं जर्मनीत पहिल्या वर्षाच्या पोरांचं याच विषयाचं ट्युटोरियल घेतो. ही पोरं लई शहाणी असं काही नाही हां, बायोलॉजीवाले पहिल्या आठवड्यात हेच विचारतात की आम्हाला हे कशाला, आणि कितीतरी जण एआयला विचारून मोकळे होतात. पण दर आठवड्याला प्रश्नांची एक शीट सोडवावी लागते आणि उत्तर चुकलं तरी जिथवर विचार नीट केला तिथवरचे मार्क मिळतात. मग सेमिस्टर संपताना तीच पोरं म्हणतात, अडलं की सुरुवात कुठून करायची ते आता कळतं.

गावाकडच्या ग्रुपवर भांडणं चालू असतात की प्रश्न घोटून घेणाऱ्या लातूर पॅटर्ननं पोरांचे पोपट केले. मला नाही पटत. त्या सरावानं आकड्यावर हात बसतो, तो इथं मला फार कमी दिसतो. फक्त प्रश्न आयता मिळतो, मांडायची वेळच येत नाही.

म्हणून भाच्याला 2016 च्या दुष्काळातली पाण्याची रेल्वे सोडवायला दिली. मिरजेहून लातूरला पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर, वाटून दाखव म्हटलं. आधी चिडला, "मामा हे सिलॅबसमधी नाही." रात्री फोन, "ओ मामा, 2011 च्या जनगणनेत शहर पावणेचार लाखाच्या वर आहे, माणशी सव्वा लिटरच्या आसपासच येतंय की! सगळ्यांना वाटून उपयोगच नाही, आधी दवाखाने धरावे लागतील." मग 10 हजारी टँकरच्या 50 खेपा, कोणत्या वॉर्डाला मागच्या वेळी कधी मिळालं त्याची यादी, सगळं त्याचं त्यानं काढलं. वर विचारतो, "हे पेपरात लिहिलं तर मार्क देतील का?"

यावर मी गप. सरांना तरी काय बोलणार, गठ्ठ्यानं पेपर तपासायचे तर व्याख्याच सोयीची. पण इंटर्नलला तरी असा एखादा प्रश्न टाका की राव, व्याख्या राहू द्या दोन मार्काला.