बारा की चौदा?

शनिवारी रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडला, तेव्हा आईने आतून विचारलं, "काय रे, उद्या मेगाब्लॉक आहे का?"

"आहे. माझाच आहे."

आमच्या ऑफिसचं एक जुनं गिऱ्हाईक म्हणजे मस्जिद बंदरचे मसाल्यांचे शेठ. लवंगेपासून दगडफुलापर्यंतचा सगळा हिशेब पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसच्या 12व्या आवृत्तीत. ही आवृत्ती 2019 सालची. तिची पाच वर्षांची देखभाल नोव्हेंबर 2024 मध्ये संपली. शेठना हे सांगितलं, तर म्हणाले, "चालतंय ना? मग हात कशाला लावता?" गिरगावातल्या चाळीतले भाडेकरू बिल्डरला हेच विचारतात.

नोकरीत नवा होतो तेव्हा मी सगळं हाताने करायचो. सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ कोड, उतरवायचा, मग तो बांधून बसवायच्या आज्ञा: कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. पहिलीच ठेच: रीडलाइन लायब्ररी (बांधणीला लागणारा तयार कोड) सापडत नाही. लायब्ररी मशीनवर असते, पण तिचं डेव्हलपमेंट पॅकेज नसतं. म्हणजे पोळ्या आहेत, पण पोळपाट-लाटणं नाही. ते आणलं, तर पीजी अपग्रेडला (जुन्या आवृत्तीतला डेटा नव्यात नेणारा प्रोग्रॅम) चार पत्ते हवेत: जुना प्रोग्रॅम कुठे, नवा कुठे, जुना डेटा कुठे, नवा कुठे. रेशनकार्डाच्या अर्जावरसुद्धा इतके नसतील. सगळे भरल्यावर तो म्हणाला, अमुक एक्स्टेंशनची (डेटाबेसच्या जोडसुविधेची) लायब्ररी मिळत नाही. अशा जोडसुविधांचं 'कॉन्ट्रिब' नावाचं फोल्डर बांधायलाच मी विसरलो होतो. हाताने करण्याचं एक सुख असतं, चूक कोणाची यावर मीटिंग होत नाही.

म्हणून या वेळी एपीटी, म्हणजे उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमचा, तयार पॅकेजं आणून बसवणारा प्रोग्रॅम. सज्जन माणूस. (अधूनमधून अपडेट करताना भर दुपारी डेटाबेस रीस्टार्ट करतो, तेवढं सोडा.) उबुंटू 20.04 वरून 22.04 वर गेलो, तर त्याने 14वी आवृत्ती आपणहून आणून बसवली. मी खूश. पाहतो तर शेठचा माल 12मध्येच! नव्या फ्लॅटची चावी हातात, सामान मात्र जुन्या खोलीत. 12 पोर्ट (डेटाबेसचा दार-क्रमांक) 5432वर, 14 पोर्ट 5433वर, आणि 14मध्ये एक लवंगसुद्धा नाही.

पुढचं काम असं की आधी हे रिकामं 14 पाडायचं (अपग्रेड आपलं 14 स्वतःच बांधतं), मग 12वर अपग्रेडची आज्ञा द्यायची. पाडण्याची आज्ञा एका ओळीची. आवृत्तीचा आकडा टाका, क्लस्टरचं (डेटाबेसच्या संचाचं) नाव 'मेन' लिहा, चालू असेल तर थांबवायला सांगा, एंटर. 'नक्की ना?' असं ती विचारत नाही. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्येसुद्धा 'कृपया दरवाजा बंद करा' असं दहा वेळा सांगतात.

बोटांना बाराची सवय. मी 12 टाइप केलं, मेन टाइप केलं, आणि नेमक्या त्या वेळी आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "अजून झालं नाही?" मी मान वर केली, पाणी प्यायलो, मान खाली केली. स्क्रीनवर 12. त्याच्या आणि एंटरच्या मध्ये फक्त माझी करंगळी.

बायको सोफ्यावरून म्हणाली, "बॅकअप घेतलायस ना?"

"घेतलाय."

"कुठे?"

त्याच मशीनवर होता.

पुढची चाळीस मिनिटं बॅकअप दुसऱ्या मशीनवर पाठवण्यात गेली. मग 14 टाइप केलं, तीनदा वाचलं, आईलाही वाचायला लावलं. "चौदाच आहे," ती म्हणाली. रिकामं 14 गेलं, अपग्रेड सुरू झालं. संपल्यावर क्लस्टरची यादी काढली, तर फलाट बदललेले: भरलेलं 14 आता 5432वर, आणि 12 बंद होऊन 5433वर.

ते जुनं 12 पाडायचंही माझ्याच हातात आहे. दोन महिने झाले. डिस्क 91 टक्के भरली आहे. काल माळ्यावरचा तांब्याचा बंब मोडीत काढू म्हटलं, तर आई म्हणाली, "असू दे रे, लागेल कधीतरी." मी काहीच बोललो नाही.