रोझा पार्क्स ‘दमल्या’ म्हणून बसल्या नव्हत्या

गुलामी आणि वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यावरच्या मुलांच्या पुस्तकांची यादी देणाऱ्या लेखात रोझा पार्क्स आहेत, फार बरं वाटलं. डिसेंबर १९५५मध्ये अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या त्या कृष्णवर्णीय बाई. फक्त पुस्तक घेण्याआधी बसचा प्रसंग असलेलं पान वाचून बघा. ‘शिवणकामाने दमलेली बाई उठली नाही’ एवढंच असेल तर ते बाजूला ठेवा. त्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या मॉन्टगोमेरी शाखेच्या सचिव होत्या. दमणुकीची गोष्ट सांगितली की चळवळच पुसली जाते. त्याच्या नऊ महिने आधी, मार्च १९५५मध्ये, त्याच शहरात १५ वर्षांच्या क्लॉडेट कॉल्व्हिननेही बसमधली जागा सोडली नव्हती. मुलांना तिचं वय चटकन भिडतं. पार्क्स यांच्या अटकेनंतर कृष्णवर्णीयांनी शहरातल्या बसवर टाकलेला बहिष्कार ३८१ दिवस चालला हेही सांगा, म्हणजे एका वर्षाहून जास्त पायपीट.

हेन्री ब्राउनची गोष्ट वाचताना जमिनीवर खडूने ३ फूट बाय २ फूट चौकोन आखा आणि मुलाला त्यात गुडघे पोटाशी घेऊन बसू द्या. १८४९मध्ये एवढ्याच खोक्यात बंद होऊन, पार्सल म्हणून, ते सुमारे २७ तास प्रवास करून रिचमंडहून फिलाडेल्फियाला पोचले, गुलामीतून सुटले. सहा वर्षांच्या मुलाला मात्र इथून सुरुवात नको. आधी रुबी ब्रिजेसची गोष्ट घ्या, १९६०मध्ये फक्त गोऱ्यांच्या शाळेत जाणारी ही कृष्णवर्णीय मुलगीही तेव्हा सहाचीच होती.

मोठ्या मुलांना फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची (१८७३) अर्पणपत्रिका जरूर दाखवा, ती अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्यांनाच आहे.