मालकाचं उत्तर: जर्मनीला पाठवलेले पैसे खरंच महाग पडले का?

ताई, नमस्कार. लेकीच्या शिक्षणासाठी आमच्याकडून जर्मनीला पैसे पाठवल्यावर रिव्ह्यूत एक स्टार देताना तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत: आमचा युरोचा दर गुगलपेक्षा जास्त होता, वायरचे (बँकेतून परदेशी पैसे पाठवण्याचे) 1,000 रुपये वेगळे घेतले आणि ‘टॅक्सच्या नावाखाली अकरा हजार उकळले’. लेकीला शिकायला पाठवताना घरात एकेक रुपया मोजून बाजूला काढलेला असतो, हे आम्ही आमच्या परकीय चलनाच्या काउंटरवर रोज पाहतो. म्हणून हिशोब सगळ्यांसमोरच मांडतो.

गुगलवर दिसतो तो बँकांच्या आपसातल्या व्यवहाराचा मधला दर. तुम्ही लिहिल्याप्रमाणे त्या दिवशी तो 102 होता, आमचा 102.60. जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटसाठी (व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच मिळते) वर्षाचे 11,904 युरो भरायचे होते, म्हणजे साठ पैशांनी फरक पडला 7,142 रुपयांचा. बँकेचा वाटा आणि आमची कमाई त्यातूनच निघते. ‘झिरो फी’ म्हणणाऱ्याने 104 चा दर लावला, तर हाच फरक 23,808 रुपयांवर जातो आणि पावतीवर शुल्क मात्र शून्य दिसतं. त्यामुळे कुठेही गेलात तरी एवढंच विचारा: माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जाणार आणि तिकडे किती युरो जमा होणार?

वायरच्या 1,000 रुपयांबद्दल. स्विफ्टने (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून) जाणारे पैसे वाटेत मधल्या बँकेतून जातात आणि ती बँक आपलं शुल्क रकमेतूनच कापू शकते. ते शुल्क पाठवणाऱ्याने भरायचा पर्याय आम्ही घेतला. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वीस युरो जरी कमी पोचले तरी रक्कम पूर्ण धरत नाहीत. पुन्हा पैसे पाठवा, पुन्हा शुल्क भरा आणि व्हिसाची तारीख डोक्यावर. ट्यूशन फी किंवा ब्लॉक्ड अकाउंट असेल तर या पर्यायात काटकसर करू नका, असं मी माझ्या सख्ख्या भाचीलाही सांगेन.

आता ते अकरा हजार. तो टीसीएस आहे, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर, आणि तो सरकारकडे जमा झालाय, आमच्याकडे नाही. 2025-26 च्या नियमानुसार शिक्षणासाठी स्वतःच्या पैशातून वर्षाला 10 लाखांपेक्षा जास्त पाठवले, तर वरच्या रकमेवर 5 टक्के कापावेच लागायचे. तुमची रक्कम 12,21,350 होती, म्हणून 2,21,350 वर 11,068 रुपये. (चलन बदलण्यावरचा जीएसटी वेगळा, सुमारे 1,030 रुपये, तो मात्र परत मिळत नाही.) टीसीएस ज्यांच्या पॅनवरून पैसे गेले त्यांच्या 26 एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या जमा कराच्या उताऱ्यात, दिसतो. रिटर्न भरताना तो देय करातून वजा होतो, जास्त असेल तर रिफंड मिळतो. यजमान नोकरीत असतील तर टीसीएसचा तपशील ठरलेल्या फॉर्ममध्ये कंपनीत दिल्यावर पगारातून कापला जाणारा कर (टीडीएस) तेवढा कमी होऊ शकतो, वर्षभर थांबायला नको. पैसे बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेले असते, तर 1 एप्रिल 2025 पासून हा टीसीएस लागतच नाही.

पुढच्या खर्चासाठीही सांगतो, यात आमचा धंदा कमी झाला तरी चालेल. तिला ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला 992 युरो मिळतील. तिथलं साधं चालू खातं उघडलं की भाडं, विमा, सेमिस्टरची फी त्यातूनच भरू दे. इथलं डेबिट कार्ड तिथे घासलं तर बऱ्याच बँका 3.5 टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे दरावर जादा आकार, लावतात. उद्या ती कमवायला लागली आणि घरी पैसे पाठवायचे झाले, तर मधला दर दाखवून शुल्क वेगळं सांगणाऱ्या ऑनलाइन कंपनीकडून पाठवावेत. त्या कामासाठी आमच्याकडे येऊ नका, आम्ही महागच पडू. तिचं इथलं बचत खातं एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथलं रुपयातलं खातं) करून घ्यायचं मात्र विसरू नका.

पावती आणि यजमानांचं पॅन घेऊन एकदा या. 26 एएसमध्ये ही रक्कम कुठे दिसते ते आमचे अकाउंटंट दाखवतील, त्याचे काही पैसे नाहीत.