शनिवारचं दप्तर आणि शुक्रवारचं पत्रक

बडोद्याला फोन लावला की हल्ली शनिवारचा विषय निघतोच. जुलै 2025 पासून गुजरातच्या प्राथमिक शाळांत पहिली ते आठवीला शनिवारी दप्तर न्यायचं नाही. योग, खेळ, चित्रं, गाणी. दांडिया बाजारातल्या वहिनीला ते पटत नाही. "नुसता धिंगाणा गं, अभ्यास कधी करायचा?" दादा मागून ओरडतो, "पोराच्या पाठीला आराम तरी मिळतो!" मग दोघंही मला पंच नेमतात: तुमच्या इंग्लंडात, लेस्टरला काय करतात?

लेस्टरला उपक्रमांना तोटा नाही, पण त्यांचं मला फारसं अप्रूप राहिलेलं नाही. अप्रूप आहे ते शाळेकडून दर शुक्रवारी येणाऱ्या पत्रकाचं. ऑक्टोबरातलं एक सांगते. सोमवारी चौथीचं पोहणं, टॉवेल विसरू नका. मंगळवारी सुगीचा सण, फूडबँकेसाठी डबाबंद वस्तू आणा. गुरुवारी तिसरीची संग्रहालयाला सहल. शुक्रवारी केकविक्री, जमलेले पैसे पटांगणातल्या बाकांसाठी. खाली शेजारच्या आजींची तक्रार, की पालक त्यांच्या फाटकापुढे गाड्या लावतात. आणि सगळ्यात शेवटी: दुसरीच्या वर्गात उवा सापडल्या आहेत, कृपया घरी फणी फिरवा. बडोद्यातल्या एखाद्या शाळेने असं लिहून कळवलं असतं, तर पालकांनी मोर्चा नेला असता.

सहलीचा कागद वेगळा येतो. बस कितीला निघणार, कुठे थांबणार, बरोबर मोठी माणसं किती, औषधं कोणाजवळ. वाचून सही करायची. हा कागद हातात आला की मला बडोद्यातलं हरणी आठवतं. 18 जानेवारी 2024 ला तिथल्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि 12 मुलं नि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि लाईफ जॅकेटं सगळ्यांना नव्हती. त्यानंतर आमच्या घरी वाद झाला तो एवढाच, की पोरांना सहलीला पाठवावं की नाही. इंग्लंडात उलट प्राथमिक शाळा संपेपर्यंत मुलाला निदान 25 मीटर पोहता यावं, असं अभ्यासक्रमातच आहे. मुलांना पाण्यापासून लांब ठेवणं हा उपाय मला पटत नाही. कागदाने बोट तरंगत नाही, कबूल. पण तो लिहायला बसलेल्या माणसाला आधी जॅकेटं मोजावी लागतात.

इथलं सगळंच उचलावं असं नाही. केकविक्री मला मुळीच आवडत नाही. ज्याच्या खिशात नाणं तो खातो, बाकीचे बघत राहतात. त्यापेक्षा गुजरातचं तिथी भोजन कितीतरी शहाणं: कुणाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांचं श्राद्ध, त्या दिवशी सगळ्या शाळेला जेवण, पंगतीत भेद नाही. दिवाळीचंही तसंच. सणाचा एक दिवस मिळतो, आठवडाभर बडोद्याला यायचं म्हटलं तर नाही. ऑगस्ट 2024 पासून विनापरवाना पाच दिवस बुडवले की आईला वेगळा आणि बापाला वेगळा, 80 पाउंड दंड. अर्थात सयाजीरावांनी 1906 मध्ये संस्थानभर शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड होताच. बडोदेकरणीने कुरकुर करण्यात अर्थ नाही.

वहिनीचा राग शनिवारवर आहे, असं मला वाटत नाही. शनिवारी नक्की काय झालं, हे तिला मुलाकडून "काही नाही, खेळलो" एवढंच कळतं, राग त्याचा आहे. पुढच्या शनिवारी मातीकाम आहे की नुसतं पटांगणात सोडणार, हे असल्या पत्रकातून आधी कळलं, तर ती भांडेल तरी मुद्द्यावर. यातली गंमत अशी, की 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती सक्तीची केली. तीनचतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. विनाअनुदानित खाजगी शाळेला ते कलम लागूच नाही. म्हणजे नगरपालिकेच्या शाळेत मूल घालणाऱ्या बाईला कायद्याने विचारायची जागा आहे, आणि हजारो रुपये फी भरणाऱ्या आमच्या वहिनीला नाही.

"पत्रक लिहिणार कोण?" हा तिचा प्रश्न मात्र बिनतोड आहे. इथे शाळेच्या ऑफिसातली बाई लिहिते. तिकडे शिक्षकांच्या गळ्यात मतदारयाद्यांपासून सगळं पडतं, त्यात आणखी एक कागद नको. सरकारी शाळेत समितीतल्या पालकांनीच लिहावं, अर्ध्या पानाचं, गुजरातीत, जमेल तिथे मराठीतही. खाजगी शाळेला कारकून परवडतो. वहिनीने पुढच्या पालकसभेत शनिवार राहू दे, आधी हे पत्रक मागावं, असं मी तिला सांगितलंय. दादा म्हणाला, पालकसभा शनिवारीच असते.