वीस टाक्यांचे सदतीस

दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या हातातला मोबाइल काढून घेतला की घरात शांतता पसरते. ती दहा मिनिटं टिकते. अकराव्या मिनिटाला मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, "चला, तुम्हाला विणकाम शिकवते!"

माझं विणकामातलं एकूण भांडवल म्हणजे सातवीत आत्याने शिकवलेला मफलर. दोन सुलट, दोन उलट, पुढे नाव नाही. नाही म्हणायला लग्नाच्या वर्षी ह्यांच्यासाठी स्वेटर घेतला होता विणायला. त्याची पाठ पूर्ण झाली. सोळा वर्षं ती आमच्या मिक्सरवर झाकण म्हणून आहे.

लेक, पुतण्या आणि वरच्या मजल्यावरचा सहावीवाला अशी वरात घेऊन साताऱ्याच्या मोती चौकात गेले. "लहान मुलं आहेत, जाड सुया द्या," म्हटलं तर दुकानदार म्हणाले, "मग आठ नंबर न्या, दहा बारीक पडेल." पुतण्या तिथेच अडला. आठ जाड आणि दहा बारीक कसं? घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं, हे तारेचं जुनं इंग्रजी माप. तार जितक्या जास्त वेळा ओढून काढावी तितकी बारीक होते आणि नंबर वाढतो. म्हणून आठ नंबर चार मिलिमीटर, तर दहा नंबर सव्वातीन. हे मी जन्मतःच माहीत असल्याच्या थाटात सांगितलं. पुतण्याने सोफ्यावर आडव्या झालेल्या काकाच्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि विषय सोडला.

लोकर म्हणून आणलेले गुंडे अॅक्रिलिकचे. आमच्याच जिल्ह्यात माणदेशात एवढ्या मेंढ्या, पण या लोकरीने एकही मेंढी पाहिलेली नाही.

वीस टाके घालून दिले आणि शिकवणी सुरू झाली. सुई खुपस, धागा फिरव, बाहेर काढ, जुना टाका सोड. बस्स, चारच गोष्टी! पुतण्या म्हैस दाव्याला बांधावी तसा धागा आवळायचा. दुसऱ्या ओळीला सुई आत जाईना, तिसऱ्या ओळीला बाहेर येईना. लेकीचं नेमकं उलटं. सुई जरा तिरकी झाली की तिचे टाके घसरगुंडीवरून उतरल्यासारखे भराभरा खाली. सहावीवाला मात्र शहाण्यासारखा विणत होता. त्याच्याकडे लक्ष द्यायची गरज नव्हती, म्हणून दिलं नाही.

सासूबाई पलीकडे मालिका बघत नातवासाठी कानटोपी विणत होत्या. हाताकडे बघणं हा त्यांना कमीपणा वाटतो. मी उलट टाका समजावताना घामाघूम झालेली बघून त्या जाहिरातीत म्हणाल्या, "अगं, एवढं काय त्यात? सुलट टाका मागून बघ. तोच उलट."

मी मागून बघितलं. तोच होता. इतकी वर्षं मी दोन वेगळे टाके विणत होते! तिन्ही मुलं माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा मला एकदम चष्मा शोधायची निकड निर्माण झाली.

चौथ्या दिवशी सहावीवाल्याचं विणकाम उलगडून पाहिलं, तर ते खालून वर अजिंक्यताऱ्याच्या उताराला लागलेलं. टाके मोजले. वीसचे सदतीस! "तू मध्येच वाढवतोस का रे?" तर शपथेवर नाही म्हणतो. शेवटी पुन्हा जाहिरात लागायची वाट बघितली. सासूबाईंनी त्याला एक ओळ विणायला लावली आणि लगेच म्हणाल्या, "ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे टाकतोय. त्याने पहिला टाका वर ओढला जातो, त्याचे दोन्ही पाय सुईवर दिसतात. हा दोन टाके समजून दोन्ही विणतो." धागा सुईच्या खालून मागे न्यायचा, एवढंच. सतरा टाक्यांचं मूळ एवढ्याशा हालचालीत होतं.

मध्येच "आई, गेलाऽऽ!" अशी किंकाळी आली. कोणी विहिरीत पडलं असं वाटून धावले. लेकीचा टाका सुटला होता. सात ओळी खालपर्यंत शिडी तयार झालेली आणि तळाशी ते एवढंसं वेटोळं. क्रोशाची सुई घेऊन एकेक आडवा धागा त्यातून ओढत टाका वर चढवला. एका पायरीला मागून ओढला, तिथे गाठीसारखा उंचवटा राहिला. लेक म्हणाली, डिझाइन आहे.

पण मुलांना खरी गोडी लागली ती उसवायची! एक ओळ विणायला पाव तास लागणारा पुतण्या वीस ओळी अर्ध्या मिनिटात उसवायचा. सर्रसर्र शेवया निघाव्यात तशी लोकर निघायची. मग तिघांत भांडणं, आज कुणाचं उसवायचं. मुद्दाम चुका व्हायला लागल्या.

असं करत महाशिवरात्र आली. थंडी शिव शिव म्हणत साताऱ्यातून निघून गेली, तरी एकही मफलर गळ्यात पडायच्या लायकीचा झाला नव्हता.

परवा भाजी घेऊन आले तर ओट्यावर मिक्सर उघडा. हॉलमध्ये पुतण्या दोन्ही हात पुढे करून बसलेला, त्यावर ओळखीच्या निळ्या लोकरीची लडी, आणि सासूबाई तिचा गुंडा करतायत.

"आई, अहो, ह्यांचा स्वेटर..."

"पोरांना लोकर कमी पडत होती," गुंड्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या.

"काकू," पुतण्या कुरकुरला, "किती घट्ट विणता हो तुम्ही! उसवताना हात दुखले माझे."