प्लास्टिकबंदी करा, पण प्लास्टिकला धक्का न लावता

समजा तुम्हाला पर्यावरण खातं मिळालंय. अभिनंदन, हे खातं कोणी मागून घेत नाही. आता काहीतरी करून तर दाखवायला हवं, आणि प्लास्टिकबंदीइतकं सोपं काम दुसरं नाही, कापडी पिशवी हातात धरायची, हसायचं, फोटो काढायचा, झालं. फक्त प्लास्टिक खरंच कमी होणार नाही एवढं बघा, नाहीतर कारखानदार दारात येऊन बसतात.

सगळी गंमत जाडीत आहे. "प्लास्टिक पिशवी बंद" असं सरळ कधीच लिहायचं नाही, "अमुक मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी बंद" असं लिहायचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). भारतात २०२१ च्या सप्टेंबरअखेर ७५ मायक्रॉनची अट आली आणि २०२२ संपता संपता १२० ची. आता इन्स्पेक्टर गल्ल्यासमोर उभा राहून पिशवी चिमटीत धरून मापणार, दुकानदार म्हणणार साहेब नीट बघा, १२१ भरतेय. कॅलिफोर्नियाने तर कहरच केला. २०१४ च्या कायद्यात पातळ पिशवी गेली, पण निदान १२५ वेळा वापरता येईल अशी जाड पिशवी चालेल म्हणाले, ती म्हणे पुन्हा वापरायची. लोकांनी घेतली, एकदा वापरली, फेकून दिली. २०२१ मध्ये तिथे कचऱ्यात गेलेल्या पिशव्यांचं वजन २०१४ पेक्षा जास्त भरलं! शेवटी २०२४ मध्ये दुसरा कायदा करून ही पळवाट बुजवली, २०२६ पासून दुकानात जाड पिशवीही बंद. पण मधली वर्षं निघाली ना? तुम्हाला तर पाचच काढायचीत.

आयर्लंडच्या वाटेला मात्र चुकूनही जाऊ नका. त्यांनी २००२ मध्ये पिशवीमागे १५ सेंट कर लावला, तोही गिऱ्हाइकानेच भरायचा, आणि वापर ९० टक्क्यांहून जास्त घसरला. ना छापे, ना जप्ती, ना ब्रेकिंग न्यूज. असलं काम करून मंत्र्याला काय मिळतं?

त्यापेक्षा बांगलादेश बघा. पुरात पिशव्यांनी गटारं तुंबली म्हणून २००२ मध्येच पातळ पॉलिथिनवर बंदी घातली, जगात पहिला देश. मग अंमलबजावणी ढेपाळली, आणि २०२४ मध्ये सुपरमार्केट आणि बाजारांत तीच बंदी परत एकदा जाहीर झाली. एका बंदीत दोनदा हेडलाइन, आणि काय पाहिजे!

लोकांचं लक्ष बारक्या वस्तूंवर राहील असंही बघा. स्ट्रॉ यासाठी बेस्ट. युरोपने २०२१ मध्ये स्ट्रॉ, काटे-चमचे, प्लेटा बंद केल्या ते ठीक, पण २०२४ पासून बाटलीचं झाकण बाटलीलाच अडकलेलं पाहिजे हा नियम आला आणि लोक पेटले, पिताना नाकाला टोचतं म्हणून. भांडण सगळं झाकणाचं, बाटलीचं नाव कोणी काढत नाही (२०२९ पर्यंत ९० टक्के बाटल्या वेगळ्या गोळा करायच्यात हे तर कोणाच्या गावीही नाही). तुम्हाला आणि हिंमत असेल तर अमेरिकेतल्या काही राज्यांसारखं करा, शहरांनी पिशव्यांवर बंदी घालायची नाही असा कायदाच करून टाका. बंदीवरच बंदी, विषय कट.

आणि एवढं करूनही कोणी विचारलंच, की साहेब मुळात प्लास्टिक बनवणंच कमी का करत नाही, तर गंभीर चेहरा करून म्हणा, हा जागतिक प्रश्न आहे. तिकडे तर सोयच सोय आहे. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या नैरोबीतल्या बैठकीत ठरलं की २०२४ संपायच्या आत सगळ्या देशांनी मिळून प्लास्टिकवर करार करायचा. दक्षिण कोरियात बुसानला जमले, नाही झालं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला जमले, तिथेही नाही. उत्पादनावर मर्यादा घाला असं शंभराच्या आसपास देश म्हणतायत, तेलवाले देश म्हणतात तुम्ही कचऱ्याचं बघा, आणि सर्वसहमतीचा आग्रह असल्यामुळे मूठभर जण अडून बसले तरी गाडी पुढे सरकत नाही. तुम्ही तिथे कळकळीचं भाषण ठोका, टाळ्या घ्या आणि पुढच्या बैठकीचं तिकीट आत्ताच बुक करून ठेवा, ऐनवेळी महाग पडतं.